पुराच्या दिवसांसाठी पिण्याचं पाणी

कृष्णा-पंचगंगेला फुगवटा आला की नळयोजनेचे पंप पाण्याखाली जातात आणि नळ कित्येक दिवस कोरडा राहतो. म्हणून साठा आधीच करा. माणशी दिवसाला 3 ते 4 लिटर, किमान तीन दिवसांचा. कॅन खाद्यपदार्थांचा, अरुंद तोंडाचा, तोटीवाला हवा. रंगाचा किंवा कीटकनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी नकोच.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे गढूळ पाण्यातच टीसीएल, म्हणजे क्लोरीनवाली ब्लीचिंग पावडर, टाकणं. क्लोरीन गाळातच खर्ची पडतं, जंतू तसेच राहतात. आधी तुरटीचा खडा पाण्यात सात-आठ वेळा फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी चौपदरी सुती कापडातून गाळा. मग औषध.

ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. 30 ग्रॅम पावडर लिटरभर पाण्यात कालवा, चुना खाली बसला की वरची निवळी गडद प्लास्टिकच्या बाटलीत भरा. 20 लिटरला ही निवळी 5 मिली, म्हणजे चहाचा एक चमचा. ढवळून अर्धा तास झाका. मग क्लोरीनचा हलका वास यायला हवा. नसेल तर तेवढीच पुन्हा घाला, अर्धा तास थांबा. पिशवी उघडी राहिली की पावडर मरते. गोळे झालेली तर फेकाच. तांब्या-पितळेच्या हंड्यात हे करू नका.

उकळायचं असेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. पाण्यावर डिझेलचा तवंग असेल तर मात्र क्लोरीनही नाही, उकळणंही नाही. टँकरची वाट बघा.