ऑनलाइन वाचकांचा आणि ब्लॉगरांचा वर्तमानपत्रांवर, चॅनेलांवर खरंच वचक असतो का?

असतो, पण आकड्यापुरता. जाहिरातीच्या पानाला तो शिवत नाही.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून धरणांच्या पाण्यावर ब्लॉग लिहितो. माझा मेहुणा एका दैनिकाचा सांगलीतला बातमीदार. (दैनिकाचं नाव घेत नाही, मला घरात राहायचंय.) त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "दाजी, तुमचा ब्लॉग वाचतं कोण? तुम्ही आणि आमची ताई. ताई तरी वाचते का, विचारा."

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, त्या पुरात कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. आमचं घर गावभागात. पाणी उंबऱ्याला लागायच्या आत आम्ही दोघं दोन पिशव्या घेऊन विश्रामबागेत मेहुण्याकडे आलो. रस्ते बंद, अंक येत नव्हते, म्हणून त्याच्याच सोफ्यावर बसून मी त्याच्याच पेपरची वेबसाइट उघडली. मथळा होता, 'कोयनेतून 70 हजार टीएमसी पाण्याचा विसर्ग'.

कोयना धरण काठोकाठ भरलं तर 105.25 टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट. म्हणजे या पठ्ठ्यांनी एका मथळ्यात 665 कोयना रिकाम्या केल्या! 70 हजार क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला 70 हजार घनफूट या वेगानं, अख्खा दिवस पाणी सोडलं तरी जेमतेम सहा टीएमसी होतं. टाकीत पाणी किती आणि नळ किती जोरात सोडलाय, एवढा साधा फरक आहे. एरवी मी हसलो असतो. पण त्याच सकाळी आमच्या गल्लीत माडीवर अडकलेल्या एका म्हाताऱ्यांचा फोन आला होता, "साहेब, धरण फुटलं का?" हाच मथळा कुणीतरी त्यांना पाठवला होता.

मेहुण्याला दाखवलं. म्हणाला, "डेस्कची चूक आहे दाजी. एवढा पूर चाललाय, टीएमसी काय आणि क्युसेक काय, कोण बघतंय?"

माझं डोकं फिरलं. त्याच्याच घरातल्या चार्जरला फोन लावून अर्ध्या तासात पोस्ट लिहिली. ती पलूस, शिरोळपर्यंतच्या ग्रुपांत फिरली, कुणीतरी त्या पेपरच्या फेसबुक पानावर नेऊन डकवली. दुपारपर्यंत मथळ्यातल्या टीएमसीचे क्युसेक झाले. 'चूक झाली, दिलगीर आहोत' वगैरे काही नाही. जणू सकाळपासून तसंच होतं.

खरी गंमत पुढे. पूर ओसरून अंक यायला लागले तेव्हा आत एक चौकट होती, 'टीएमसी म्हणजे काय?' वाक्यं माझी, टाकी आणि नळही माझेच. नाव अर्थातच नाही. दिवसभरात एक टीएमसी पाणी जायला 11,574 क्युसेकचा विसर्ग लागतो. मी गडबडीत पोस्टमध्ये 11,754 लिहून बसलो होतो. चौकटीतही 11,754! कात्रण मेहुण्यापुढे ठेवलं तर म्हणतो, "योगायोग असेल."

तुमच्या प्रश्नाकडे वळतो. यावर बोलताना लोक हमखास अमेरिकेतलं सीबीएसचं उदाहरण देतात. सप्टेंबर 2004 मध्ये त्या वाहिनीनं तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्या नॅशनल गार्डमधल्या (राखीव लष्करी दलातल्या) नोकरीबद्दलची कागदपत्रं दाखवली. काही तासांत ऑनलाइन मंडळींनी बोट ठेवलं की, ही अक्षरं 1970 च्या दशकातल्या टाइपरायटरची वाटत नाहीत, कॉम्प्युटरची वाटतात. दोन आठवड्यांच्या आत वाहिनीला माफी मागावी लागली आणि मार्च 2005 मध्ये ती बातमी देणाऱ्या डॅन रादर यांनी अँकरची खुर्ची सोडली. प्रकरण मोठं, पण जात माझ्या 11,754 चीच. चूक छापून गेली की तिचा पुरावा कुणाच्याही हातात येतो, म्हणून तिथे वाचकाचं चालतं.

जे छापलंच जात नाही किंवा पैसे घेऊन छापलं जातं, तिथे काय? 2009 च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीचा एकच मजकूर शब्दशः वेगवेगळ्या मराठी दैनिकांत आला होता. ब्लॉग तेव्हाही होते. पण ते चव्हाट्यावर मांडलं पत्रकार पी. साईनाथ यांनी, तेही 'द हिंदू'सारख्या वर्तमानपत्रात.

माझाही अनुभव तोच. पुरानंतर मी निळ्या पूररेषेच्या, म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आतल्या बांधकामांवर तीन पोस्टी लिहिल्या. टीएमसीच्या पोस्टपेक्षा त्या जास्त वाचल्या गेल्या. मेहुण्याच्या पेपरात एक ओळ नाही. शेवटच्या पानावर मात्र नदीकाठच्या फ्लॅटची पानभर जाहिरात. त्याला विचारलं, तर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो गप्प बसला.

ऑनलाइन वाचक म्हणजे काही संत नव्हेत, हेही लिहायला हवं. धरण फुटल्याच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच येतात आणि पुढे ढकलणारे आपणच असतो. शिवाय चूक दुरुस्त करायला लावणं वेगळं आणि मत गिळायला लावणं वेगळं. मार्च 2016 मध्ये मदर तेरेसांवरचा अग्रलेख 'लोकसत्ता'नं मागे घेतला, तेव्हा मला आनंद झाला नव्हता. मागे घेतलेला तोच अग्रलेख मग मला तीन ग्रुपांत आला, ते सोडा.

तुम्ही स्वतः लिहिणार असाल तर आधी स्क्रीनशॉट काढा, मग पोस्ट टाका. नावाची अपेक्षा ठेवू नका. आकडा मुद्दाम चुकवा असं मी म्हणणार नाही, पण चुकला तर लगेच दुरुस्तही करू नका. आणि नात्यात कुणी पत्रकार असेल तर जेवताना हा विषय टाळा, असं आमची ही म्हणते. मी टाळत नाही.

गेल्या पावसाळ्यात सकाळी सातला मेहुण्याचा मेसेज आला. "दाजी, पान पाचवर कोयनेचा आकडा चुकलाय. वेबवर बदलून घेतो, तोवर दम धरा." मी दहा वाजेपर्यंत धरला.