वॉर्फरिन चालू असताना शेवग्याचा पाला आणि पालक खावा का?

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या आणि वॉर्फरिन ही रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी घेणाऱ्या आपल्या आईंच्या पालेभाज्या बंद करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व यकृतात रक्त गोठवणारे घटक तयार होण्यासाठी लागते आणि वॉर्फरिन नेमकी हीच प्रक्रिया रोखते. त्यामुळे एका आठवड्यात रोज पाला आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असे झाले की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, खालीवर होतो. भाजीचे प्रमाण साधारण सारखे राहिले, तर डॉक्टरांना गोळीची मात्रा त्यानुसार बसवता येते. मला खरी काळजी वाटते ती लसूण किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलची, कारण स्वयंपाकातल्यापेक्षा त्यांतील मात्रा पुष्कळ अधिक असते आणि रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. त्या चालू असल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे आणि आयएनआर तपासून घ्यावा.