जुन्या घराची न्हाणी: टाइल्स निवडायच्या आधी

शहापूर-खानापूरकडच्या जुन्या घराची न्हाणी करताय ना, मग पैसे आधी फरशीखाली घाला. शॉवर नंतर बघू. शहाबादी उचकटली की जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप पूर्ण काढा. अर्धा ठेवून सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) जोडलात तर उरलेला गंजका भाग पुढे भिंतीतच गळतो. फरशीचा उतार मीटरला 10 ते 15 मिमी, पाणी जायच्या जाळीकडे. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यांत फायबरची पट्टी. कोटिंग भिंतीवर फूटभर चढवा, शॉवरपाशी सहा फूट. कोटिंग पूर्ण वाळलं की गळतं का ते बघायला जाळी बंद करून 48 तास पाणी तुंबवून ठेवा, गवंडी कितीही घाई करू दे. भिंत मातीची असेल तर पाइपसाठी कोरू नका, बाहेरूनच न्या. एक्झॉस्ट फॅन घ्याच. आपल्याकडच्या पावसात टॉवेलसुद्धा वाळत नाही.