बॅग भरायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट वाच

प्रिय पोरा,

तुझा मेसेज रात्री उशिरा बघितला आणि मग झोपच लागली नाही. बाहेरच्या लीगमधून ऑफर आलीय, एका सीझनचं कॉन्ट्रॅक्ट आहे, आणि घरचे म्हणतायत की रेल्वेत नाहीतर बँकेत स्पोर्ट्स कोट्यातून चिकट, हे असं गावोगाव किती दिवस फिरणार. तुझ्या बाबांचं म्हणणं चुकीचं नाहीये हे आधी सांगतो. आपल्याकडे बास्केटबॉलवाल्याला पेन्शनची सोय म्हणजे रेल्वे, आर्मी, ओएनजीसी, बँका अशा मोजक्याच जागा आहेत. पण फिरणाऱ्या प्लेअरला कुठेच टिकला नाही म्हणतात ना, ते मला पटत नाही.

इश स्मिथचं बघ, एनबीएचा म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगचा प्लेअर. तुझ्याच पोझिशनचा, पॉइंट गार्ड म्हणजे बॉल आणून खेळ चालवणारा, उंची सहा फूट म्हणजे तुझ्यापेक्षा जेमतेम एक इंच जास्त. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन पोरं निवडतात तिथे, कुणीच घेतलं नाही त्याला. ह्यूस्टनपासून सुरुवात केली आणि मग मेम्फिस, गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फिनिक्स असं करत करत डेन्व्हर ही त्याची तेरावी टीम झाली, एनबीएमध्ये इतक्या टीमकडून दुसरं कुणी खेळलेलं नव्हतं. आधीचा रेकॉर्ड बारा टीमचा, तो जिम जॅक्सन, जो स्मिथ अशा चौघांच्या नावावर होता. आणि त्याच डेन्व्हरबरोबर 2023 ला त्याला चॅम्पियनशिपची रिंग मिळाली. तिथला मेन गार्ड जमाल मरे, त्याच्या मागे फार मिनिटं मिळायची नाहीत त्याला, पण टीमला तो हवा होता. ट्रेड, म्हणजे टीमने प्लेअर दुसऱ्या टीमला देऊन टाकणं, प्लेअरच्या हातात नसतो, आज या शहरात झोपलास आणि उद्या दुसऱ्या शहराचं तिकीट हातात, असं असतं ते. तरी कोणी ना कोणी परत परत बोलावत राहिलं, कारण तो आला की दोन-तीन प्रॅक्टिसमध्ये टीमचा होऊन जायचा.

हे स्किल आपल्याकडे कोणी शिकवत नाही आणि मला ते फार उशिरा कळलं. मी पहिल्यांदा बाहेर गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी कोचने बोर्डवर पंधरा-सोळा प्ले, म्हणजे ठरलेल्या चाली, काढल्या आणि दुसऱ्या दिवशी नुसती नावं ओरडायला लागला. मी रात्री रूमवर बसून दोनशे पानी वहीत सगळं मराठीत उतरवलं. हॉर्न्स म्हणजे दोन मोठे प्लेअर एल्बोवर (फ्री थ्रो लाइनच्या दोन टोकांना), दोघं कॉर्नरला, बॉल माझ्याकडे, तर त्याच्यापुढे मी बैलाची दोन शिंगं काढली आणि खाली लिहिलं, "डावं शिंग वर येईल, त्याच्या अंगाला घासून जा". चौथ्या दिवशी कोच दुसऱ्या गार्डला म्हणाला, याला विचार. ती वही अजून आहे माझ्याकडे, कोपरे सगळे घामाने फुगलेत, तुला दाखवतो.

तुझं एक मला आवडतं. डिसेंबरात नाशिकच्या गंगापूर रोडला सकाळी सहाला द्राक्षवाल्यांची झोप उडवणारी थंडी असते, कोर्टवर दव पडून फरशी ओली, आणि तू कुणी न सांगता गोणपाट घेऊन आधी फ्री थ्रो लाइनच्या आतलं पुसतोस, मग शूज बांधतोस. नवीन टीममध्ये लोक हेच बघतात पहिल्या आठवड्यात. पण तिथे गेल्यावर बॉल मागत सुटू नकोस, आधी तुझ्या सेंटरला, म्हणजे बास्केटजवळच्या उंच प्लेअरला, पास कुठे लागतो ते बघ, छातीवर की उंच, डाव्या हाताला की उजव्या. आणि टीव्हीवर एनबीए बघून लागलेल्या सवयी सोड, तुझी लीग फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल फेडरेशनच्या, नियमाने खेळते. क्वार्टर दहा मिनिटांचा आहे, पाचव्या फाउलला तू बाहेर, आणि बॉल एकदा रिमला लागला की कुणीही त्याला हात लावू शकतो, तिथे आपली पोरं एनबीएसारखी नुसती बघत उभी राहतात आणि दोन पॉइंट जातात.

आता पैशाचं, आणि हे नीट वाच. मला एका परदेशी क्लबने शेवटचे दोन महिने पगारच दिला नाही. रोज उद्या, रोज उद्या. मी आईला फोनवर सांगायचो पैसे आलेत म्हणून आणि रूममेटकडून उसने घेऊन जेवायचो. कॉन्ट्रॅक्टमध्ये वाद झाला तर कुठे जायचं ते लिहिलेलंच नव्हतं, मी वाचलंच नव्हतं, सही करायची घाई होती. फिबाचं बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल आहे, असे कॉन्ट्रॅक्टचे वाद सोडवणारं लवाद, बीएटी म्हणतात, 2007 पासून आहे, जिनिव्हाचं. तुझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये त्याचा क्लॉज असला तरच तिथे दाद मागता येते, आणि निकाल लागूनही क्लबने पैसे नाही दिले तर फिबा त्यांना नवीन परदेशी प्लेअर घेण्यावर बंदी घालू शकते. तो क्लॉज नसेल तर घालून माग. नाही म्हणाले तर मला आधी फोन कर, सही नंतर. एजंटकडे फिबाचं लायसन्स आहे का ते विचारायला लाजू नकोस. दुखापत झाली तर पगार चालू राहणार का, ऑपरेशनचा खर्च कोण करणार, परतीचं तिकीट कोण काढणार, हे सगळं कागदावर पाहिजे, व्हॉट्सॲपवर नको. आणि इथून जायला आपल्या फेडरेशनचं लेटर ऑफ क्लिअरन्स लागतं, त्याशिवाय तुला तिथे रजिस्टरच करता येणार नाही, ते आत्तापासून मागे लागून घे.

अमृतपाल सिंग 2017-18 ला ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला, अमज्योत सिंग अमेरिकेत एनबीएच्या खालच्या लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून. म्हणजे आपल्या पोरांना दार उघडलेलं आहे. पण टीवायची परीक्षा देऊन जा, एवढं आईसाठी कर.

बाबांशी मी बोलतो. रविवारी सकाळी कोर्टवर ये, प्रॅक्टिस झाली की मिसळ खाऊ, आणि येताना कॉन्ट्रॅक्टची प्रिंट आण, सगळी पानं, शेवटची बारीक अक्षरातली पण. बाबांना पण घेऊन ये.

तुझा,
दादा