वाचकांचे प्रश्न : खाणीतून थेट रणांगणावर

प्रश्न : पहिल्या महायुद्धात ब्रिटनला कोळशाची एवढी निकड असताना तिथल्या खाण कामगारांना सैन्यात का घेतले आणि त्यांच्या मागे घरच्यांचे काय झाले?

उत्तर : सुरुवातीला त्यांना कोणी अडवलेच नाही. 1914 च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले, तेव्हा खाणींच्या वस्त्यांमधून तरुण स्वखुशीने आणि एवढ्या मोठ्या संख्येने भरती झाले, की कोळशाचे उत्पादन घटू लागले आणि मग सरकारला त्यांची भरती रोखावी लागली. मात्र फेब्रुवारी 1915 पासून सैन्याने शत्रूच्या खंदकांखाली भुयारे खणण्यासाठी खास तुकड्या उभारल्या आणि त्यांना जमिनीखाली काम करण्यात मुरलेलीच माणसे हवी होती. बेल्जियम-फ्रान्स सीमेवरील फ्लँडर्स या युद्धभागाच्या चिकणमातीत टिकाव वापरला तर आवाज शत्रूच्या कानी जाई. म्हणून खणणारा माणूस तिरप्या लाकडी चौकटीला पाठ टेकून आडवा होई आणि दोन्ही पायांनी फावडे मातीत रेटी, तर त्याचा जोडीदार निघालेली माती गोण्यांत भरून गुपचूप मागे सरकवी. साध्या पायदळ सैनिकाला दिवसाला 1 शिलिंग मिळत असे, तर या कामातल्या निष्णात माणसाला 6 शिलिंग मिळत. घर चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता.

घरच्यांविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मला विल्यम हॅकेट यांच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसते. यॉर्कशायरमधील मेक्सबरोचे हे खाण कामगार चाळिशी ओलांडलेले होते आणि वयामुळे पायदळाने त्यांना वारंवार नाकारले होते. अखेर 1915 च्या ऑक्टोबरमध्ये भुयारी तुकडीने त्यांना घेतले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे घरची पत्रे एक सोबती त्यांना लिहून देई. ते आघाडीवर असतानाच, 1916 च्या आरंभी, त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाने खाणीतील अपघातात पाय गमावला. या कुटुंबाला संकट फक्त आघाडीवरूनच येणार होते असे नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

जून 1916 मध्ये फ्रान्समधील जिवॉन्शीजवळ जर्मनांनी सुरुंग उडवला आणि हॅकेट इतर चौघांसह भुयारात अडकले. सुमारे वीस तासांच्या खटपटीनंतर ढिगाऱ्यातून वाट झाली. हॅकेट यांनी तिघांना बाहेर काढले. पण गंभीर जखमी झालेला एक तरुण सैनिक आत असताना त्यांनी स्वतः निघण्यास नकार दिला. मी भुयारी माणूस आहे, आधी इतरांची काळजी घेतली पाहिजे, असे ते म्हणाले. ही रणभूमीवरची क्षणिक ऊर्मी नव्हती, असे मला ठामपणे वाटते. अडकलेल्या सोबत्याला टाकून वर यायचे नाही, हा खाणीतला रिवाजच त्यांनी पाळला. त्यानंतर भुयार कोसळले आणि चार दिवसांचे बचावकार्यही व्यर्थ ठरले. हॅकेट यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य पुरस्कार जाहीर झाला आणि तो नोव्हेंबर 1916 मध्ये राजाने त्यांच्या पत्नी ॲलिस यांच्या हाती दिला. दोन मुलांची, त्यातही पाय गमावलेल्या मुलाची, जबाबदारी आता एकट्या ॲलिस यांच्यावर होती. हॅकेट यांचा देह बाहेर काढता आला नाही; त्यांचे नाव बेल्जियममधील प्लूगस्टीर्ट स्मारकावर कोरलेले आहे आणि 2010 मध्ये जिवॉन्शी येथे भुयारी सैनिकांचे स्मारकही उभारण्यात आले.