ज्याला कधी भेटले नाही त्याच्यासाठी रडू येतं, मी वेडी आहे का मॅडम?

(नाव, वय, नोकरी सगळं बदललंय, आणि लिहायच्या आधी तिला विचारलंय.)

ती माझ्याकडे काउन्सेलिंगला आली तेव्हा सुरुवातीला झोप लागत नाही, भूक नाही, ऑफिसात चुका होतायत एवढंच सांगत होती. मी आपली नेहमीसारखी घरी काही झालं का, कोणी गेलं का, तब्येत कशी आहे असं एकेक विचारत होते आणि ती सगळ्याला नाही नाही म्हणत होती, शेवटी खाली बघून म्हणाली, मॅडम हसू नका हं, तो वेगळा झाला बायकोपासून. तो म्हणजे एक मोठा फिल्मस्टार. नाव घेत नाही, तुमच्या मनात जो आला तो धरा.

पंधरा वर्षांपासून फॅन. लग्नाआधीपासून. त्याचा बायकोसोबतचा प्रत्येक फोटो, प्रत्येक इंटरव्ह्यू हिला पाठ, आणि नवऱ्याशी भांडण झालं की फोन उघडून तेच बघत बसायची. आता ती घटस्फोटाची बातमी आली आणि हिला आपल्याच घरातलं काहीतरी मोडल्यासारखं झालं. सांगणार कुणाला, मैत्रिणींनी चेष्टा केली असती. नवऱ्याला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, तुला काय करायचंय त्याचं.

इथे मी माती खाल्ली. तिला बरं वाटावं म्हणून मी लेक्चर सुरू केलं, की अहो स्टारची इमेज हे एकट्याचं कामच नसतं, एजंट असतो, पब्लिसिटीवाले असतात, फोटो कुठला टाकायचा हे ठरवणारी टीम असते. वर रॉक हडसनची गोष्ट सांगितली. हॉलिवूडचा पन्नासच्या दशकातला मोठा हिरो, बायकांचा लाडका, मूळ नाव रॉय, रॉक हे नाव सुद्धा नंतर ठेवलेलं. प्रत्यक्षात समलिंगी, आणि त्या काळी ते बाहेर आलं असतं तर करिअर संपलंच असतं. १९५५ मध्ये त्याचं लग्न झालं ते त्याच्याच एजंटच्या सेक्रेटरीशी, १९५८ मध्ये मोडलं. लग्न एजंटनंच जमवलं असं खूप लोक म्हणतात, ती मात्र नंतरही सांगत राहिली की मी प्रेमातच पडले होते. जुलै १९८५ मध्ये त्याला एड्स झाल्याचं जाहीर झालं, ऑक्टोबरमध्ये तो गेला, आणि आपण पडद्यावर ज्याला बघत होतो तो नक्की कोण होता हा प्रश्न कित्येक चाहत्यांना तेव्हा पडला. मी म्हटलं बघा, जिनं त्याच्याशी लग्न केलं ती सुद्धा म्हणायची की लग्नाच्या वेळी मला पत्ता नव्हता, तर तुम्हाला कुठून लागणार!

मला वाटलं काय मस्त समजावलं. ती म्हणाली, म्हणजे मी मूर्ख, असंच ना?

आणि तीन आठवडे आलीच नाही.

आली तेव्हा मी आधी सॉरी म्हटलं. मग जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं ते सांगितलं, की हे वेड नाही. या एकतर्फी नात्यावर १९५६ मध्येच हॉर्टन आणि व्होल या दोन अभ्यासकांनी लिहून ठेवलंय, टीव्ही तेव्हा नवा होता आणि त्यांच्या लक्षात आलं की पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलल्यासारखा बोलतो आणि बघणाऱ्याला खरंच ओळख झाल्यासारखी वाटायला लागते. आता तर तो माणूस दिवसातून चार वेळा आपल्या हातातल्या फोनमध्ये येतो, सकाळी उठल्यावरचा चेहरा दाखवतो, मग मनाला कसं कळणार की ही ओळख खरी नाही. नातं एकतर्फी असलं तरी ते तुटल्याचं दुःख खोटं नसतं.

(काळजी कधी करायची हे पण खूप जण विचारतात, म्हणून इथेच सांगते. महिना उलटला तरी झोप-जेवण-काम रुळावर येत नाही, पैसे उधळले जातायत, त्या माणसाचा पाठलाग करावासा वाटतोय, किंवा तो गाण्यातून मलाच इशारे देतो अशी पक्की खात्री वाटायला लागली, तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. आणि जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. हिचं तसं काही नव्हतं.)

मग मी विचारलं, त्या सगळ्या फोटो-व्हिडिओंमधला तुम्ही परत परत बघता असा एकच सांगा. मला वाटलं मिठी, वाढदिवस, असलं काहीतरी असेल. तिनं एक साधा इंटरव्ह्यू सांगितला. बायको काहीतरी सांगताना अडखळते, शब्द आठवत नाही, आणि तो मध्ये बोलत नाही, तिच्याकडे बघत थांबतो, मग ती वाक्य पूर्ण करते. बस. मॅडम, तो थांबतो हो, एवढं म्हणून ती रडायला लागली.

आता तो थांबणं खरं होतं की कॅमेऱ्यासाठी, कुणास ठाऊक, आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्याच्याशी कामही नव्हतं. हिच्या घरात हिचं वाक्य पूर्ण होऊ देणारं कुणी नव्हतं, हे आमचं काम होतं. पहिल्या दिवशी मी सुद्धा तिला कुठे बोलू दिलं होतं!

पुढच्या वेळी नवरा आला. माणूस वाईट नाही, उलट काळजीत होता, तिला काय होतंय ते मला तोच सांगायला लागला. मी तिला विचारायचे आणि उत्तर याचं. वीस मिनिटांत तिची सहा वाक्यं त्यानं पूर्ण केली, मी वहीत रेघा मारत होते. त्या रेघा त्याला दाखवल्या तर खरोखर चकित झाला, म्हणाला, अहो तिला पटकन सुचत नाही म्हणून मी मदत करतो.

ती म्हणाली, मला सुचतं, पण...

तो तोंड उघडणार होता. माझ्या वहीकडे बघून गप्प बसला. बराच वेळ गेला, मलाच अवघडल्यासारखं झालं, आणि मग ती बोलायला लागली.