ताई, पिच्चर कसा होता?

ताई, 'दशावतार' बघितला का तुम्ही? आमच्यात मालवणी कुणालाच येत नाही, आईला तर अजिबातच नाही. तिला घेऊन बघायला बसू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

बघितला, दोनदा बघितला, एकदा टॉकीजमध्ये आणि नंतर घरी नणंदेबरोबर, आणि आईला घेऊन नक्की बघा. मालवणीचं टेन्शन घेऊ नका, पहिली दहा-पंधरा मिनिटं जरा कान देऊन बसावं लागतं मग आपोआप कळायला लागतं, आणि आपल्या सोलापुरात तर भाजीवाल्या मावशींशी एक भाषा, रिक्षावाल्या चाचांशी दुसरी आणि शेजारच्या अक्कांशी तिसरी बोलायची सवय असते की सगळ्यांना, मालवणी काय अवघड जाणार.

दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हा पिच्चर आला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. त्या वयात दशावतारी नाटकाच्या रात्रीच्या खेळाला तोंडाला रंग लावून उभा राहणारा बाबुली मेस्त्री त्यांनी केलाय. ह्या म्हाताऱ्याची नजर कमी होत चाललीये, मुलगा म्हणतोय आता बास करा, आणि ह्याला तर सोंग घेतल्याशिवाय जगताच येत नाही. बाप-लेकाचं सगळं मला फार आवडलं कारण ते दोघं घरात घरातल्यासारखं बोलतात. भांडतात पण तसंच, अर्धं वाक्य बोलून गप्प बसायचं आणि उरलेलं ताटाकडं बघून बोलायचं. माझे वडील असेच बोलायचे.

मला खटकलं ते नंतरच्या भागात. खाण, जमीन, देवराई हे सगळं महत्त्वाचंच आहे, त्यावर पिच्चर निघालाच पाहिजे, पण तेच बाबुलीच्या सोंगातून येतं तेव्हा अंगावर काटा येतो आणि दुसरं कोणतरी उभं राहून समजावून सांगायला लागतं तेव्हा सभेत बसल्यासारखं वाटतं. तिथं सगळी माणसं एकसारखीच बोलायला लागतात. तेवढं सोडलं तर मी पूर्ण समाधानानं बाहेर आले. आई म्हणतील आवाज कमी कर, शेवटी फार मोठा आहे, तर रिमोट हातातच ठेवा.

माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे, आत्तापर्यंत चार कार्यक्रम झाले. मैत्रीण म्हणाली 'स्थळ' बघ. घरच्यांसमोर बघू की एकटी बघू?
– एक वाचक, बार्शी

वडिलांबरोबर बघ गं. आईबरोबर तर बघच, पण वडिलांबरोबर आधी बघ.

जयंत सोमलकर ह्या दिग्दर्शकानं हा पिच्चर आपल्याच गावात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात शूट केलाय आणि त्यात कामं करणारी बरीचशी माणसं तिथलीच आहेत, नट नाहीत. म्हणून तर त्या बोलण्याला कुठं पॉलिश नाही. सविता म्हणून मुलगी आहे, समाजशास्त्र शिकतेय, एमपीएससी द्यायचं तिच्या डोक्यात आहे, वडील कापूस पिकवतात आणि कापसाला भाव नाही. सुरुवातीलाच एक स्वप्न आहे, त्यात मुलगा पाटावर बसलाय आणि समोर सगळ्या बायका बसून त्याला प्रश्न विचारतायत. मी बघितला तेव्हा त्या सीनला सगळे हसले, मीही हसले. मग खरा कार्यक्रम सुरू होतो, पुरुष ओळीनं बसलेले, नाव काय, उंची किती, शिक्षण किती, विषय कोणता, छंद काय. परत दुसरं स्थळ येतं, परत तेच प्रश्न, त्याच क्रमानं. तिसऱ्यांदा ते सुरू झालं तेव्हा कुणीच हसलं नाही.

माझ्या चुलत बहिणीला साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरात असंच सात वेळा बसवलं होतं. शेजारी यंत्रमाग चालायचे त्यामुळं पाहुण्यांचे प्रश्न नीट ऐकू यायचे नाहीत आणि तिला प्रत्येक उत्तर दोनदा द्यावं लागायचं, उंची पण दोनदा सांगावी लागायची. मी तेव्हा नववीत होते, पोह्यांचा ट्रे मीच न्यायचे, आणि मला त्या वेळी ह्यात काही वावगं आहे असं वाटलंसुद्धा नव्हतं ह्याचं आज वाईट वाटतं. पिच्चर संपल्यावर मी तिला फोन लावला, ती हैदराबादला असते, पाऊण तास बोललो, त्यात पिच्चरबद्दल पाचच मिनिटं असेल.

तर वडिलांबरोबर एवढ्यासाठी म्हणते की त्यात वडिलांना कुठंही वाईट माणूस केलेलं नाही. तोसुद्धा अडकलेला आहे, मुलीवर जीव आहे आणि हातात पैसा नाही. तुझ्या बाबांना ते बघून राग येणार नाही, पण पाचव्या कार्यक्रमाआधी ते तुला काहीतरी विचारतील असं मला वाटतं.

आमची घरची भाषा कन्नड. मराठी पिच्चर आवडीनं बघतो पण आमच्यासारखी माणसं त्यात कधी दिसतच नाहीत. असं का?
– एक वाचक, अक्कलकोट

दादा, हा प्रश्न माझ्याच मनातला आहे. आपल्या जिल्ह्यात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी अशा चार भाषा ऐकू येतात, सोलापूर शहराच्या पूर्व भागात तर कित्येक घरांत आजी फक्त तेलुगू बोलते आणि नातू तिला मराठीत उत्तर देतो, आणि पिच्चरमधल्या मराठी गावात मात्र सगळे एकच भाषा बोलतात. मला वाटतं लिहिणारे लोक ज्या शहरांतून लिहितात तिथं हे कानावर पडत नसावं.

पण अगदीच नाही असं नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे, त्यांचा २०१४ चा 'फँड्री' मी मागच्या महिन्यात परत बघितला. त्यातलं कुटुंब गावात मराठी बोलतं आणि आपसात कैकाडी. फँड्री म्हणजे कैकाडीत डुक्कर. त्या घरातल्या पोराला, जब्याला, गावासमोर आपली भाषा, आपलं काम, काहीच दिसायला नको असतं, आणि नेमकी तीच भाषा बाप सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलतो तेव्हा त्या पोराचा चेहरा बघा, तुम्हाला मी वेगळं काही सांगायची गरज नाही. 'सैराट'मध्ये पण पळून गेलेली दोघं हैदराबादला पोचतात तेव्हा पाट्या तेलुगू, माणसं तेलुगू, आणि पाटलाची पोरगी असून अकलूजच्या रिंकू राजगुरूची आर्ची तिथं पहिल्यांदा गप्प होते. २०१६ ला सगळे गाण्यांवर नाचत होते, मी पण नाचले, आता मला उत्तरार्धच जास्त आवडतो.

आणि एक गंमत बघा, 'सैराट'चा कॅमेरा ज्यांनी केला ते सुधाकर रेड्डी यक्कंटी, तेलुगू माणूस, त्यांनीच पुढं 'नाळ' आणि 'नाळ २' हे मराठी पिच्चर केले आणि 'नाळ २' ला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला. तो त्यांनी फार कमी बोलण्यात केलाय. छोटी चिमी जन्म दुसऱ्या घरात काढलेल्या भावाशी नीट बोलायलाच तयार नसते आणि ती न बोलता जे करते तेच बघत राहावं असं वाटतं. चिमी झालेली त्रिशा ठोसर एवढीशी पोरगी, तिला पण बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला.

सोलापूरच्या कन्नड घराचा मराठी पिच्चर मात्र मी अजून बघितलेला नाही. कुणीतरी करायलाच पाहिजे.

जुना 'श्यामची आई' आम्ही शाळेतून रांगेनं जाऊन बघितला होता. नवा बघावा का?
– एक आजोबा, पंढरपूर

काका, बघा. अत्र्यांचा १९५३ चा होता, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलेला, त्याच्याशी तुलना तुमच्या मनात होणारच. २०२३ चा सुजय डहाकेंनी कृष्णधवलच केलाय. मला नव्यातली घरं आणि उजेड आवडला, पण जुन्यात आई झालेल्या वनमालाबाईंचा आवाज कानातून जात नाही.

डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे, त्यांच्यावरचा पिच्चर आता बघण्यासारखा वाटतो का?
– एक शिक्षिका, सोलापूर

'डॉ. कोटनीस की अमर कहानी', १९४६ चा, शांतारामबापूंनी दिग्दर्शनही केलं आणि कोटणीसही तेच झाले. मी दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन बसले होते. १९१० ला आपल्या गावात जन्मलेला मुलगा चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करत ३२ व्या वर्षी तिथंच गेला हे मुलांना पुस्तकात एका ओळीत वाचून कळत नाही, इथं कळतं. चीनमधली सगळी माणसं हिंदी बोलतात आणि आपल्याच नटांनी ती कामं केलीत, जयश्रीबाई चिनी नर्स झाल्यात, ते मला आज बघताना खटकलं, धाकट्यानं तर विचारलंच की ह्यांना हिंदी कशी येते. तरी शाळेत दाखवा मॅडम, पण दोन दिवसांत तोडून दाखवा, एका बैठकीत मुलं कंटाळतील.

'साबर बोंडं'बद्दल खूप वाचलंय. मी तेवीस वर्षांचा आहे. घरी नाव काढायची पण भीती वाटते. कसा आहे एवढंच सांगा.
– एक वाचक, सोलापूर

बाळा, छान आहे. मी पुण्याला भाचीकडे गेले होते तेव्हा बघितला.

वडील वारलेत म्हणून आनंद दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी येतो आणि दुखवट्याला जमलेले नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात. गावात बाळ्या आहे, लहानपणचा दोस्त, आणि त्या दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. रोहन कानवडेंनी कॅमेरा लांब ठेवलाय आणि शांत ठेवलाय, वाजवायला म्युझिक नाही, शेतातला वारा, शेरडं, भांडी एवढंच ऐकू येतं. कुणी कुणाला मोठ्यानं काही सांगत नाही. २०२५ ला सनडान्स फेस्टिव्हलमध्ये परदेशी पिच्चरांच्या गटातलं सगळ्यात मोठं ज्युरी पारितोषिक ह्या आपल्या मराठी पिच्चरला मिळालं.

त्यातल्या आईला सगळं माहीत आहे. ती नातेवाइकांना उत्तरं देते आणि मुलासमोर उभी राहते. बाहेर येताना मी भाचीला म्हणाले, ही आई कुठली गं, हिच्या घरी जाऊन चहा प्यावा असं वाटतंय. आपल्याकडं माळावर निवडुंगाला ती लाल बोंडं येतात ना, काटे काढून खायची, बाळ्या ती आनंदसाठी घेऊन येतो. मी लहानपणी खायचे आणि ओठ लाल व्हायचे. तू एकटा बघ, नाहीतर एखाद्या विश्वासातल्या दोस्ताबरोबर बघ, आणि तुला अजून काही लिहावंसं वाटलं तर लिही, ते मी छापणार नाही.

मराठी पिच्चर लागतो आणि शुक्रवारी लागून पुढच्या गुरुवारी जातो. कॉलेज सोडून कसं बघायचं?
– एक विद्यार्थी, सोलापूर

खरंय रे. गेल्या वर्षी एका टॉकीजमध्ये मला हवा असलेला मराठी पिच्चर फक्त सकाळी पावणेदहाला होता. डबे करून, धाकट्याला शाळेत सोडून, धावत गेले तर तिकीट खिडकीवर म्हणाले चारच जण आलेत, शो कॅन्सल. आम्ही चौघं एकमेकांना ओळखत नव्हतो, एक रिटायर्ड काका होते, एक नवरा-बायको आणि मी. काकांनी विचारलं किती जण लागतात, तो म्हणाला आठ. मग काकांनी चार तिकिटं जास्तीची काढली. पैसे आम्ही नंतर वाटून घेतले.

पोरांनो, ग्रुप करा आणि पहिल्या शनिवारी-रविवारीच जा. सोमवारवर ठेवू नका.